लिंकनचं बुडालेलं दुकान : पार्टनर, उधारी आणि पंधरा वर्षांची परतफेड



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अब्राहम लिंकनच्या दुकानाबद्दल बोललो. व्हिडिओ अठरा मिनिटांचा झाला, तरी निम्मं सांगायचं राहिलंच. ते राहिलेलं इथे लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी एक कबुली देतो. चार वर्षं मी माझ्या प्रत्येक बॅचमध्ये ती प्रसिद्ध स्लाइड दाखवायचो. तुम्हीही ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिली असेल. १८३१, धंद्यात अपयश. १८३२, निवडणुकीत पराभव. १८३३, पुन्हा धंद्यात अपयश. अशी यादी खाली खाली जात राहते आणि शेवटी १८६०, अमेरिकेचे अध्यक्ष! मी तिथे थोडं थांबायचो, टाळ्या पडायच्या, मग चहाचा ब्रेक.

गेल्या दिवाळीनंतरच्या बॅचमध्ये एक ताई होत्या. तीन वर्षं चालवलेली मेस नुकतीच बंद केलेली. स्लाइड झाल्यावर त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, "सर, ते दुकान बुडालं, तेव्हा लोकांचे पैसे कोणी दिले?"

मला उत्तर माहीत नव्हतं. चार वर्षं ज्या माणसाची स्लाइड दाखवत होतो, त्याच्या उधारीचं काय झालं हे मी कधी शोधलंच नव्हतं. ताईंचं किराणावाल्याचं, दूधवाल्याचं आणि जागामालकाचं देणं बाकी होतं. प्रेरणा त्यांच्याकडे भरपूर होती. देणं कसं फेडायचं, हे त्यांना हवं होतं. त्या दिवशी घरी जाऊन वाचायला बसलो. पुढे जे सांगतोय ते त्या वाचनातून आलेलं आहे.

आधी माणूस कळू दे

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, केंटकी राज्यातला, लाकडी ओंडक्यांच्या खोपटात. तो सात वर्षांचा असताना कुटुंब इंडियाना राज्यात गेलं. नऊ वर्षांचा असताना आई गेली. सावत्र आई आली, आणि तिने या पोराला जीव लावला. शाळेचे सगळे दिवस जोडले तरी एक वर्षसुद्धा भरत नाही. वडील शेती आणि सुतारकाम करायचे. मुलगा शेजाऱ्यांकडे मजुरीला जायचा आणि मजुरी वडिलांच्या हातात पडायची. त्या काळी मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्या कमाईवर बापाचा हक्क असायचा.

पुढे मोठा झाल्यावर तो एक आठवण सांगायचा. नदीकाठी दोन प्रवाशांना सामानासकट होडीतून आगबोटीपर्यंत नेऊन सोडलं. दोघांनी अर्धा-अर्धा डॉलर दिला. एका दिवसात एक डॉलर! आपल्या कष्टाने इतके पैसे मिळू शकतात, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुमची पहिली कमाई आठवा. पहिलं गिऱ्हाईक, पहिली नोट. तीच ती भावना.

न्यू सेलम : धंद्याची जागा

१८३१ मध्ये डेंटन ऑफट नावाच्या व्यापाऱ्याचा माल तराफ्यासारख्या सपाट बोटीतून न्यू ऑर्लिन्सला न्यायचं काम लिंकनला मिळालं. इलिनॉय राज्यात सँगमन नदीवर न्यू सेलम नावाचं छोटं गाव होतं. तिथल्या पिठाच्या गिरणीच्या बंधाऱ्यावर बोट अडकली. लिंकनने काही माल उतरवला, बोटीला भोक पाडून आत साचलेलं पाणी काढून दिलं आणि बोट पलीकडे नेली. ऑफट खूश झाला. त्याने याच गावात दुकान टाकलं आणि लिंकनला नोकरीला ठेवलं. पगार महिना पंधरा डॉलर, झोपायला दुकानाची मागची खोली.

आता ती स्लाइड पुन्हा बघा. "१८३१, धंद्यात अपयश." अहो, १८३१ मध्ये लिंकन दुकानात नोकर होता! दुकान ऑफटचं होतं आणि ते १८३२ च्या वसंतात बसलं. ऑफट गाव सोडून गेला, लिंकन बेकार झाला. दुसऱ्याचं दुकान बुडणं आणि आपलं बुडणं यात काय फरक असतो, ते दुकानदारालाच कळतं.

त्याच वर्षी तो राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. तेरा उमेदवारांत आठवा आला. पण न्यू सेलमच्या मतदान केंद्रावर पडलेल्या ३०० मतांपैकी २७७ मतं त्याला होती. स्लाइडवर फक्त "पराभव" लिहिलेलं असतं. धंद्याच्या नजरेने बघाल तर वेगळं दिसेल. जिथे लोक त्याला ओळखत होते तिथे त्याने बाजार मारला होता. जिथे ओळखत नव्हते तिथे पडला. म्हणजे माल चांगला होता, वितरण कमी पडलं. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, तो पुन्हा उभा राहिला आणि निवडून आला. हे मात्र स्लाइडवर नसतं.

स्वतःचं दुकान

निवडणूक हरल्यावर प्रश्न होता, खायचं काय? लोहारकाम शिकावं असंही त्याच्या मनात आलं होतं. तेवढ्यात गावातल्या एका दुकानातला रोवन हर्नडनचा हिस्सा विकायला निघाला. दुसरा हिस्सा विल्यम बेरी नावाच्या तरुणाने घेतलेला होता. लिंकनकडे पैसे नव्हते, म्हणून त्याने प्रॉमिसरी नोट लिहून दिली. म्हणजे आपल्या भाषेत हातचिठ्ठी : "इतकी रक्कम देणे आहे, खाली सही." झालं, "बेरी अँड लिंकन" सुरू!

काही महिन्यांत गावातल्या रूबेन रॅडफर्ड नावाच्या दुकानदाराचं दुकान टवाळ पोरांनी फोडलं. वैतागून त्याने मिळेल त्या भावात दुकान काढून टाकलं. तो माल फिरून बेरी आणि लिंकनकडे आला, आणि तोही चिठ्ठीवर. घरातून एक रुपया न घालता दोन दुकानांचा माल हातात! ऐकायला किती छान वाटतं ना? खरी गडबड इथेच झाली. मी चार मुद्दे काढतो.

पहिला मुद्दा, गावाचा जीव. न्यू सेलम म्हणजे वीस-पंचवीस घरं. आधीपासून इतर दुकानं होती आणि सॅम्युअल हिलचं दुकान चांगलं चालत होतं. नदीतून आगबोटी येतील, गाव मोठं होईल, या आशेवर सगळे थांबले होते. १८३२ मध्ये टॅलिस्मन नावाची एक आगबोट आलीसुद्धा. परत जाताना पाणी इतकं उतरलं की तिच्यासाठी बंधाऱ्याचा भाग तोडावा लागला. त्यानंतर आगबोटीचं स्वप्न विरलं. १८४० च्या आसपास गाव ओस पडलं, कारण जवळचं पीटर्सबर्ग जिल्ह्याचं ठिकाण झालं. आपल्याकडेही "इथून हायवे जाणार आहे", "इथे कॉलेज येणार आहे" म्हणून गाळे घेतात. रस्ता झाल्यावर घ्या हो, घाई काय आहे?

दुसरा मुद्दा, मालाची खरेदी. दुसऱ्याच्या बुडालेल्या दुकानाचा माल स्वस्त मिळतो, कारण तो तिथे विकला जात नव्हता. लिंकनने तोच माल त्याच गावात विकायला घेतला. गिऱ्हाईक तेच, गरज तीच. मग विक्री वेगळी कशी होणार?

तिसरा मुद्दा, दोन्हीकडून उधारी. माल उधारीवर घेतला आणि गिऱ्हाइकालाही उधारीवर दिला. शेतकरी पीक आल्यावर पैसे देणार आणि सावकाराच्या चिठ्ठीची तारीख त्याच्या आधी येणार. मधल्या महिन्यांत रोख आणायची कुठून? कॅश फ्लोचा तक्ता मी तुम्हाला दुसऱ्याच तासाला शिकवतो, त्यामागचं कारण हेच आहे.

चौथा मुद्दा, पार्टनर. बेरी दारूच्या नादी लागला होता आणि लिंकन पुस्तकांच्या. दोघांपैकी गल्ल्यावर कोणाचंच लक्ष नव्हतं. बेरीला नावं ठेवणं सोपं आहे, पण झाडाखाली पुस्तक घेऊन पडलेला दुकानदारही गिऱ्हाइकाला तितकाच निरुपयोगी. पुढे लिंकनने स्वतःच लिहून ठेवलं की आम्ही फक्त कर्जात खोल खोल जात होतो आणि शेवटी दिवा विझावा तसं दुकान विझलं. त्याने दोष पार्टनरवर ढकलला नाही.

शेवटी दुकान दोन भावांना विकलं. तेही उधारीवरच! पैसे द्यायची तारीख आली तोवर दोघे भाऊ गाव सोडून पसार. जानेवारी १८३५ मध्ये बेरी वारला आणि मागे जवळपास काहीच ठेवलं नाही. सगळं ओझं एकट्या लिंकनवर आलं, साधारण ११०० डॉलर.

जरा हिशोब करा. दुकानातल्या नोकरीत त्याला महिना पंधरा डॉलर मिळत होते. एक पैसाही न खाता ११०० डॉलर जमवायचे तर सहा वर्षांचा पगार. तो या कर्जाला गमतीने "राष्ट्रीय कर्ज" म्हणायचा.

माझंही एक "राष्ट्रीय कर्ज"

इथे माझं सांगतो, म्हणजे मी पुस्तकातून बोलतोय असं वाटणार नाही. बीबीए झाल्यावर मी आणि माझा एक मित्र मिळून स्कूल बॅग आणि स्टेशनरीचं दुकान टाकलं. कागदपत्र काहीच नाही, दोस्ती हाच करार. दोन सीझन बरे गेले, तिसऱ्यात माल अडकला. मित्राला बाहेरगावी नोकरी लागली, तो गेला. होलसेलवाले काका दुकानात आले आणि शांतपणे म्हणाले, "बिलावर दोघांची नावं आहेत बाळा. माझ्यासमोर जो उभा आहे, त्याच्याशी मी बोलणार."

रक्कम होती २ लाख ८० हजार. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज सांगतो, काका कायद्याने बरोबर होते. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ चं कलम २५ सांगतं की फर्मच्या देण्याला प्रत्येक पार्टनर एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. म्हणजे तुमचा हिस्सा पन्नास टक्के असला तरी देणेकरी शंभर टक्के तुमच्याकडे मागू शकतो. मग तुम्ही पार्टनरकडून वसूल करत बसा. बीबीएला हे कलम मी पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते. पण त्याचा अर्थ मला काकांनी शिकवला.

देणं फेडलं कसं?

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

त्या काळी सीमेवरच्या गावांत एक सोपा मार्ग होता. रात्री घोड्यावर बसायचं आणि पश्चिमेला निघून जायचं. नवं गाव, नवं नाव. ऑफट गेला, ते दोन भाऊ गेले. लिंकन थांबला. पुढे त्याने मित्राला सांगितल्याची नोंद आहे की तो सगळ्या देणेकऱ्यांकडे स्वतः गेला आणि म्हणाला, मला काम करू द्या, पोटापुरतं ठेवून वरचं जे कमावेन ते तुमचं.

म्हणजे नेमकं काय केलं? तोंड लपवलं नाही, आणि खोटी तारीख दिली नाही. "पुढच्या महिन्यात सगळे देतो" असं म्हणाला नाही. जमणार होतं तेवढंच बोलला.

मग कमाई वाढवायला लागला. ७ मे १८३३ ला तो न्यू सेलमचा पोस्टमास्तर झाला. उत्पन्न वर्षाला पन्नास-पंचावन्न डॉलर, म्हणजे किरकोळच. पण येणारी सगळी वर्तमानपत्रं फुकट वाचायला मिळायची आणि गावातला प्रत्येक माणूस ओळखीचा झाला. पत्रं टोपीत घालून तो लोकांच्या घरी पोचवायचा. मग जमीन मोजणीचं काम आलं. त्याला ते येत नव्हतं. उधारीवर घोडा घेतला, होकायंत्र आणि साखळी मिळवली, पुस्तकं आणून मोजणी शिकला आणि सर्व्हेअर झाला. पुढे पीटर्सबर्ग गावाची आखणी त्यानेच केली. ज्या गावामुळे न्यू सेलम ओस पडलं, तेच हे गाव! अधूनमधून लाकडं फोडणं, गिरणीत काम, शेतावर मजुरी हेही चालूच होतं.

१८३४ मध्ये तो निवडून आला, पण देणेकऱ्याला निवडणुकीशी काय घेणं? एका चिठ्ठीवर खटला झाला, निकाल विरुद्ध गेला आणि त्याचा घोडा, खोगीर आणि मोजणीची साधनं जप्त झाली. म्हणजे कमावण्याची हत्यारंच गेली. लिलावाच्या दिवशी जेम्स शॉर्ट नावाच्या शेजारच्या शेतकऱ्याने १२० डॉलरची बोली लावून सगळं घेतलं आणि लिंकनला परत दिलं. असा माणूस त्याला का मिळाला? कारण लिंकन त्याच्या शेतावर राबलेला होता आणि पळून जाणाऱ्यातला नाही, हे शॉर्टने जवळून पाहिलं होतं. बँकेच्या भाषेत याला आज क्रेडिट हिस्टरी म्हणतात. लिंकनने ते पैसे परत केले. आणि पुढे अध्यक्ष झाल्यावर शॉर्ट अडचणीत आहे असं कळलं, तेव्हा त्याला कॅलिफोर्नियात सरकारी नेमणूक दिली.

पूर्ण कर्ज फिटायला किती काळ लागला? त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने नोंदवलंय की १८४८ मध्ये लिंकन वॉशिंग्टनला खासदार होता, तेव्हासुद्धा पगारातून या जुन्या देण्यासाठी पैसे पाठवत होता. १८३३ ते १८४८, पंधरा वर्षं! मधल्या काळात त्याने राजकारण केलं, वकिली शिकला, लग्न केलं, घर घेतलं. कर्ज फिटेपर्यंत आयुष्य बंद ठेवलं नाही. ज्यांच्या डोक्यावर आज देणं आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

वकिली : दुसरी पार्टनरशिप

सप्टेंबर १८३६ मध्ये त्याला वकिलीचा परवाना मिळाला आणि एप्रिल १८३७ मध्ये तो स्प्रिंगफिल्डला आला. जोशुआ स्पीडच्या दुकानात जाऊन गादी-अंथरुणाचा भाव विचारला. सतरा डॉलर. लिंकन म्हणाला, स्वस्त आहे, पण माझ्याकडे पैसे नाहीत. नाताळपर्यंत उधार द्या, वकिली चालली तर देईन, नाही चालली तर कदाचित देता येणार नाही. असं बोलणारं गिऱ्हाईक तुम्ही पाहिलंय? स्पीडने त्याला दुकानावरची आपलीच खोली वापरायला दिली. हा माणूस पुढे त्याचा जन्माचा मित्र झाला.

वकिलीत त्याचे तीन पार्टनर झाले. आधी जॉन स्टुअर्ट, मग स्टीफन लोगन, आणि १८४४ पासून हर्नडन. पहिल्या दोघांकडून तो काम शिकला. हर्नडन त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, तरी वाटणी निम्मी-निम्मी ठेवली. फी आली की तिथल्या तिथे दोन भाग. बेरीबरोबर जे कधीच ठरलं नव्हतं, ते इथे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. ही भागीदारी शेवटपर्यंत टिकली. अध्यक्ष होऊन निघताना तो हर्नडनला म्हणाला की पाटी काढू नकोस, परत येऊन आपण पुढे चालू ठेवू.

आता किमतीबद्दल दोन प्रसंग सांगतो.

१८५६ मध्ये एका अशिलाने कागदपत्रांच्या कामाचे पंचवीस डॉलर पाठवले. लिंकनने कळवलं की कामाला पंधरा पुरेत, आणि दहा डॉलर परत पाठवले.

त्याच सुमाराला इलिनॉय सेंट्रल रेल्वे कंपनीची एक मोठी कराची केस त्याने जिंकून दिली. कंपनीचे फार मोठे पैसे वाचले. त्याने बिल पाठवलं, तर कंपनीने ते जास्त आहे म्हणून नाकारलं. लिंकनने इतर नामांकित वकिलांची मतं घेतली आणि ५००० डॉलरचा दावाच लावला. १८५७ मध्ये जिंकला. त्यातले निम्मे हर्नडनला. आणि गंमत म्हणजे त्यानंतरही तो त्याच रेल्वेची कामं करत राहिला.

दहा डॉलर परत करणारा आणि ५००० साठी कोर्टात जाणारा माणूस एकच. छोट्या कामाला त्याने छोटा दर लावला आणि मोठ्या कामाला मोठा. आपले बरेच लोक नेमकं उलटं करतात. छोट्या गिऱ्हाइकाला पाच रुपयांसाठी पिळतात आणि मोठ्या कंपनीच्या ऑर्डरला भाव सांगताना घाबरतात.

एक शोधही त्याच्या नावावर आहे. २२ मे १८४९, पेटंट क्रमांक ६४६९. उथळ पाण्यात अडकलेली बोट वर उचलण्याचं साधन. पेटंट मिळवणारा तो एकमेव अमेरिकन अध्यक्ष. बंधाऱ्यावरची ती बोट डोक्यात अठरा वर्षं होती! पण ते साधन बाजारात कधी आलंच नाही. म्हणजे नुसती आयडिया रजिस्टर केली की धंदा होतो, असं नाही.

राजकारण, आणि त्यातला धंद्याचा प्रश्न

विधिमंडळात चार टर्म, मग १८४७ ते १८४९ अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये एक टर्म, मग पुन्हा वकिली. १८५४ मध्ये नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट करून देणारा कान्सस-नेब्रास्का कायदा झाला आणि तो पुन्हा राजकारणात उतरला.

१८५५ मध्ये सिनेटची निवड विधिमंडळातून होती. बहुमताला ५१ मतं लागत होती, लिंकनला पहिल्या फेरीत ४४ मिळाली, सगळ्यात जास्त. पुढच्या फेऱ्यांत मतं गळत गेली आणि गुलामगिरीच्या विस्ताराला पाठिंबा देणाऱ्या बाजूचा माणूस येईल असं दिसू लागलं. तेव्हा त्याने आपली उरलेली मतं लायमन ट्रम्बुलला द्यायला लावली आणि स्वतः हरला, मुद्दा वाचवला. १८५८ मध्ये स्टीफन डग्लसबरोबर सात जाहीर वादविवाद झाले. त्यातही जागा गेली. पण त्याने भाषणांची वर्तमानपत्रातली कात्रणं जपून वहीत चिकटवली होती. १८६० मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि देशभर वाचलं गेलं. हरलेल्या कामातलंही काय जपून ठेवायचं, ते त्याला कळत होतं.

गुलामगिरीबद्दलचं त्याचं एक म्हणणं आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. १८५९ मध्ये मिलवॉकीच्या शेतकी प्रदर्शनात त्याने मांडलं की कफल्लक माणूस आधी मजुरी करतो, थोडे पैसे साठवतो, हत्यारं किंवा जमीन घेतो, स्वतःसाठी काम करतो आणि मग दुसऱ्या नवशिक्याला कामावर ठेवतो. समाज असा असावा, हे त्याचं चित्र. गुलामाला ही पहिली पायरीच मिळत नाही. त्याच्या घामाची कमाई दुसराच नेतो. ज्याची मजुरी स्वतःच्या हातात पडत नव्हती, त्या पोराला हे आतून कळलं असणार असं मला वाटतं. अर्थात त्याचे हाल आणि गुलामाचे हाल यांची तुलना होऊ शकत नाही.

नोव्हेंबर १८६० मध्ये तो अध्यक्ष झाला. मंत्रिमंडळात सीवर्ड, चेस, बेट्स या पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यांनाच घेतलं. एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. १ जानेवारी १८६३ ला मुक्तीचा जाहीरनामा निघाला. तो बंडखोर राज्यांपुरताच होता. संपूर्ण देशातली गुलामगिरी तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्ये संपली. युद्ध चालू असतानाच होमस्टेड कायदा करून १६० एकर जमीन कसणाऱ्याला द्यायची सोय केली. ती जमीन मूळ रहिवाशांकडून गेलेली होती, हेही विसरू नका. १४ एप्रिल १८६५ ला त्याला गोळी घातली गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

याचा आपल्याशी काय संबंध?

दोन खरे संबंध आहेत. एक, महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं.

दुसरा, मुंबईचा कापूस. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि भारतातल्या कापसाचा भाव आकाशाला भिडला. मुंबईत पैशांचा पूर आला. बँका, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या, रोज नवे शेअर, आणि बरंचसं उधारीवर. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि कागदी श्रीमंती बुडाली. न्यू सेलमच्या दोन पोरांनी चिठ्ठ्यांवर केलं, तेच मुंबईने शेअरवर केलं. त्या तेजीच्या पैशातली एक गोष्ट मात्र आजही उभी आहे. प्रेमचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून बांधलेला राजाबाई टॉवर.

एक गोष्ट त्याच्याकडून शिकू नका

इतका मोठा वकील मृत्युपत्र न करता गेला. मागे बायको आणि दोन मुलं. नशीब की जुना मित्र, न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस याने सगळी इस्टेट नीट सांभाळली आणि वाटणीच्या वेळी ती एक लाख दहा हजार डॉलरच्या आसपास भरली. तुमच्या दुकानाचा बँक खात्याचा नॉमिनी कोण आहे? आज बघा.

गृहपाठ

१. देण्याची यादी करा. नाव, रक्कम, तारीख. छोटी देणीसुद्धा लिहा.
२. येण्याची यादी करा. कोणाकडे किती अडकलंय? दोन्ही तारखा शेजारी ठेवा.
३. पार्टनर असेल तर या महिन्यात लेखी करार करा. कोण किती पैसे घालणार, कोण किती वेळ देणार, गल्ला कोण बघणार, एकाने सोडलं तर देणं कोण भरणार. फर्मची नोंदणी करून घ्या, कारण नोंदणी नसेल तर बाहेरच्याकडून वसुलीचा दावा लावताना अडचण येते.
४. ज्या देणेकऱ्याचा फोन तुम्ही उचलत नाही, त्याला तुम्हीच फोन करा. जमेल तीच रक्कम सांगा.

मी त्या काकांना दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे नेऊन द्यायचो. एकतीस महिने लागले. शेवटच्या हप्त्याला त्यांनी चहा पाजला आणि विचारलं, "पुढचा माल कधी नेतोस?" आज माझं दुकान त्यांच्याच मालावर चालतं.

मेसवाल्या ताईंनी यादी केली. अकरा नावं निघाली. प्रत्येकाला भेटल्या. सध्या घरून चौदा डबे देतात. तीन नावांवर काट मारून झाली, आठ बाकी आहेत. मागच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला, "सर, दूधवाल्याने पुन्हा खातं चालू केलं."

ती जुनी स्लाइड मी डिलीट केली आहे. तुमची देण्याची यादी किती नावांची झाली, तेवढा आकडा कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, फक्त आकडा. भेटू पुढच्या शनिवारी.